नाताळच्या सुट्टीतला सामना : आडोल्फ अँडरसन, पॅरिस, डिसेंबर १८५८

प्रकरण अभ्यासात सहसा नावं झाकतात. इथे झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. पॉल मॉर्फीविरुद्धच्या या बुद्धिबळ सामन्याचे अकराही डाव चालींनिशी छापलेले आहेत, आणि हरलेल्या माणसाने हरल्यावर तीन दिवसांनी लिहिलेलं पत्रसुद्धा उपलब्ध आहे. असं प्रकरण क्वचित मिळतं. निर्णय घेणाऱ्याच्या मनात काय होतं ते एरवी आपल्याला ताडावं लागतं. इथे बरंचसं त्यानेच सांगून ठेवलंय.

पार्श्वभूमी

अँडरसन ब्रेसलाऊचा. हे शहर तेव्हा प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. जन्म ६ जुलै १८१८. गणित आणि तत्त्वज्ञान शिकून तो गावातल्याच फ्रीडरिष गिम्नाझियम या शाळेत गणिताचा शिक्षक झाला. लग्न केलं नाही. विधवा आई आणि बहीण यांच्याबरोबर राहायचा. बुद्धिबळ नवव्या वर्षी वडिलांनी शिकवलं. १८४२ साली त्याने स्वतः रचलेल्या साठ कूटप्रश्नांचा संग्रह काढला. म्हणजे खेळाडू म्हणून नाव होण्याआधी त्याची ओळख होती ती दोन-तीन चालींत मात शोधायला लावणारा कूटकार अशी. पुढे त्याच्या डावांत जी बलिदानं दिसतात त्यांचं मूळ इथे आहे.

त्या काळच्या जर्मन बुद्धिबळाची एक गंमत लक्षात ठेवायला हवी. बर्लिनमध्ये १८२७ पासून बुद्धिबळ मंडळ होतं, आणि १८३०-४० च्या सुमारास तिथे सात तगडे खेळाडू जमले होते. त्यांत ब्लेडोव गणिताचा शिक्षक, बिल्ग्वेर लष्करातला लेफ्टनंट, फॉन डर लाझा राजनैतिक अधिकारी, होर्विट्झ आणि शोर्न चित्रकार. पोटापाण्यासाठी खेळणारा त्यांत जवळपास कुणी नव्हता. बिल्ग्वेर १८४० मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याने सुरू केलेला सुरुवातीच्या चालींचा जाडजूड ग्रंथ फॉन डर लाझाने पुरा करून १८४३ मध्ये काढला, तोही मित्राच्या नावावर. १८४६ पासून बर्लिनहून बुद्धिबळाचं मासिकही निघू लागलं, आणि पुढे त्याच्या संपादनात अँडरसनचा हात होता. नोकरी सांभाळून, संध्याकाळी, अभ्यासूपणाने खेळायचा हा खेळ. पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमधला मामला वेगळा होता. तिथे पैजा लागायच्या, शिकवण्या चालायच्या, आणि काहींची चूल पटावर पेटायची.

अँडरसन युरोपात गाजला तो १८५१ मध्ये. लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या निमित्ताने हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. सोळा खेळाडू, बाद पद्धत. अँडरसन जायला कचरत होता, कारण साधं होतं : भाडं परवडत नव्हतं. बक्षीस मिळालं नाही तर प्रवासखर्च मी पदरचा देईन, असं स्टाँटनने कळवलं, तेव्हा गाडी हलली. अँडरसन नुसता गेला नाही, तयारी करून गेला. त्या वर्षीच्या सुरुवातीला त्याने ताकदवान खेळाडूंबरोबर शंभराहून जास्त सरावाचे डाव खेळले. लंडनमध्ये त्याने कीझेरित्स्की, सेन, खुद्द स्टाँटन आणि शेवटी वायव्हिल यांना हरवून १८३ पौंडांचं पहिलं बक्षीस घेतलं. त्याच मुक्कामात, २१ जूनला, कीझेरित्स्कीबरोबर सहज म्हणून खेळलेल्या एका डावात त्याने उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन तेविसाव्या चालीला मात केली. तो ‘अमर डाव’ आजही प्रत्येक क्लासात दाखवतात. पुढच्या वर्षी बर्लिनला ड्युफ्रेनविरुद्ध तसाच एक झाला. त्याला ‘सदाहरित डाव’ म्हणतात.

आणि मग शाळा. पुढची सहा-सात वर्षं अँडरसन गणित शिकवत राहिला. मधूनमधून बर्लिनला जाऊन मित्रांशी खेळायचा. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या छोट्या स्पर्धेत लोव्हेन्थालकडून हरला. याखेरीज मोठं म्हणावं असं काही नाही. युरोपातला सगळ्यात बलवान खेळाडू म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जायचं, पण ते बोट १८५१ सालाकडे होतं.

प्रश्न कसा उभा राहिला

जून १८५८ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा पॉल मॉर्फी इंग्लंडात उतरला. वय एकवीस. आदल्या वर्षी त्याने न्यूयॉर्कची पहिली अमेरिकन काँग्रेस, म्हणजे बुद्धिबळ स्पर्धा, जिंकली होती. लंडनमध्ये त्याने लोव्हेन्थालला नऊ विरुद्ध तीन असं हरवलं. स्टाँटनशी सामना व्हावा म्हणून आला होता. स्टाँटनने तारखा लांबवत लांबवत तो होऊ दिला नाही. मग पॅरिस. तिथे डॅनियल हारविट्झ होता, तोही मूळचा ब्रेसलाऊचा. हारविट्झने पहिले दोन डाव घेतले, पुढच्या सहांपैकी पाच गमावले, एक बरोबरीत सोडवला आणि सामना आवरता घेतला. सप्टेंबरच्या अखेरीस मॉर्फीने रेजांसमध्ये एकाच वेळी आठ जणांशी, पट न बघता खेळून सहा डाव जिंकले आणि दोन बरोबरीत सोडवले.

आता उरला होता एकच, आणि तो ब्रेसलाऊला नववी-दहावीच्या वयाच्या पोरांना भूमिती शिकवत होता.

जागतिक संघटना नाही, अधिकृत जगज्जेतेपद नाही, कुणी कुणाशी कधी खेळायचं याचा नियम नाही, असा तो काळ. सामने ठरायचे पत्रांतून, मंडळांच्या मध्यस्थीतून, कधी वर्तमानपत्रांतल्या टोमण्यांतून. मॉर्फीने पैशांवरून अडचण येणार नाही याची काळजी घेतली होती. हारविट्झकडून मिळालेले जवळपास तीनशे फ्रँक त्याला नकोच होते. ते त्याने अँडरसनच्या प्रवासखर्चासाठी म्हणून रेजांसमध्ये ठेवले. तेव्हा १८५१ ची अडचण १८५८ मध्ये नव्हती. या वेळी अडत होतं वेळापत्रकात. शाळा सुरू असताना शिक्षक हजार किलोमीटर लांब जाऊ शकत नाही. नाताळची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची, त्यात जाणं-येणं आलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नकाराचा. स्टाँटनने तेच केलं होतं, फक्त नाही असा शब्द न वापरता. अँडरसनने नकार दिला असता तर त्याला कुणी फार बोललं नसतं. नोकरीचं कारण खरंच होतं. मात्र मग मॉर्फी अमेरिकेत परत जाऊन ‘युरोपात माझ्याशी कुणी खेळायला तयार नव्हतं’ म्हणायला मोकळा झाला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

दुसरा पर्याय बर्लिनमधल्या काही मंडळींना पसंत होता : मॉर्फीनेच जर्मनीत यावं. लंडनचा विजेता अँडरसन. एका पोरासाठी त्याने का धावावं, असा त्यांचा सूर होता. मानापमानाचा हा हिशोब आपल्याला अगदी ओळखीचा आहे. वरपक्षाने आधी यायचं की वधूपक्षाने, इथवर. पण मॉर्फी तेव्हा पॅरिसमध्ये आजारी होता. डिसेंबरात त्याला रेल्वेने जर्मनीला बोलावणं म्हणजे सामना होऊ न देणं.

तिसरा पर्याय पुढे ढकलण्याचा, आणि मला तोच सगळ्यात विचार करण्यासारखा वाटतो. ईस्टरची सुट्टी किंवा उन्हाळा. तीन-चार महिने मिळाले असते, १८५१ सारखा सराव करता आला असता. अडचण अशी की मॉर्फी तोवर थांबेल याचा भरवसा नव्हता. नाताळच्या आत घरी परतायचा त्याचा विचार होता. त्याचा सचिव फ्रेडरिक एज याने अँडरसनशी सामना व्हावा म्हणून त्याला पॅरिसमध्ये थोपवून धरण्याची खटपट केली. प्रत्यक्षात मॉर्फी एप्रिल १८५९ च्या अखेरीपर्यंत युरोपात राहिला. त्या वर्षी ईस्टर २४ एप्रिलला होता. पण हे आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर १८५८ मध्ये ब्रेसलाऊला बसलेल्या माणसाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि त्याच्या निर्णयाला गुण देताना आपण पुढच्या पानावर डोकावायचं नाही.

चौथा पर्याय म्हणजे सुट्टी लागताच निघायचं. सरावाशिवाय.

काय केलं

अँडरसन निघाला. डिसेंबरच्या मध्याला तो पॅरिसला पोचला तेव्हा मॉर्फी अंथरुणात होता. पोट बिघडलेलं, ताप. त्या काळच्या रीतीने डॉक्टरांनी जळवा लावून बरंच रक्त काढलं होतं. अँडरसन रेजांसमध्ये हारविट्झबरोबर काही डाव खेळत वाट बघत बसला. इथे सुट्टीचे दिवस जळत होते. एकाची तब्येत आणि दुसऱ्याची शाळा, दोघांनाही कॅलेंडरने धरलं होतं.

शेवटी २० डिसेंबरला सामना सुरू झाला, मॉर्फीच्या ब्रतय हॉटेलातच, कारण कॅफेपर्यंत चालण्याचीही त्याच्यात ताकद नव्हती. आधी सात डाव जिंकेल तो विजयी. पैज नाही, घड्याळ नाही. (चालींना वेळेची मर्यादा घालायची पद्धत पुढे १८६१ मध्ये आली, कोलिश-अँडरसन सामन्यात, तीही वाळूच्या घड्याळांनी.)

पहिला डाव मॉर्फीने इव्हान्स गँबिटने सुरू केला. गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला मिळवायची पद्धत. सदाहरित डाव याच सुरुवातीतून निघालेला, म्हणजे अँडरसनच्या अंगणातलाच खेळ. अँडरसनने प्यादं घेतलं, हल्ला सोसला आणि बहात्तर चालींनी डाव जिंकला. दुसरा बरोबरीत. मग पडझड. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा, ओळीने पाच डाव मॉर्फीचे.

या पाच डावांच्या आत अँडरसनने दोन निर्णय घेतले. एक काळ्या मोहऱ्यांचा. तिसऱ्या डावात मॉर्फीच्या रुई लोपेझ या सुरुवातीपुढे हरल्यावर त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून समोरासमोर भिडणं थांबवलं. पाचव्या आणि सातव्या डावात पहिल्याच चालीला वजिराचं प्यादं पुढे टाकलं, नवव्यात सिसिलियन, म्हणजे उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकणारा बचाव. यातलं काहीच लागू पडलं नाही. नववा डाव तर सतरा चालींत आटोपला. मॉर्फीला नवीन वाटेने नेलं की तो अडखळेल अशी आशा असणार. मॉर्फी अडखळत नव्हता. मोहरी बाहेर काढायची आणि मधली घरं धरायची, हे त्याला कोणत्याही वाटेवर जमत होतं.

दुसरा निर्णय पांढऱ्या मोहऱ्यांचा. सहाव्या डावात अँडरसनने पहिली चाल केली ए३. हत्तीपुढचं प्यादं एक घर.

आज पहिलीच चाल ए३ करणाऱ्या मुलाला शिक्षक रागावतात. त्या काळात तर दोन्ही राजांची प्यादी समोरासमोर आणणं हाच सभ्यपणा समजला जायचा. गँबिट नाकारणाऱ्याकडेही लोक जरा वेगळ्या नजरेने बघत. पण गणिताच्या मास्तराचा विचार सरळ होता. काळा ई५ (राजापुढचं प्यादं दोन घरं) खेळला की आपण सी४ (उंटापुढचं प्यादं दोन घरं) खेळायचं. म्हणजे सिसिलियन झाला, फक्त बाजू उलटल्या, आणि त्यात उपयोगी पडणारी ए३ ही चाल आधीच खिशात. शिवाय बिल्ग्वेरच्या ग्रंथातली सगळी पानं बाद. मॉर्फीचं पाठांतर अफाट होतं, ते इथे निरुपयोगी.

सहाव्या डावात ए३ खेळून तो हरला. आठव्यात पुन्हा ए३, बरोबरी. दहाव्यात पुन्हा ए३, आणि जिंकला.

अकरावा डाव मॉर्फीने घेतला आणि २८ डिसेंबरला सामना संपला. सात विजय, दोन पराभव, दोन बरोबरी. नऊ दिवसांत अकरा डाव.

त्यानंतर दोघे आणखी सहा डाव खेळले, किंग्ज गँबिटचे, गंमत म्हणून. पाच मॉर्फीचे, एक अँडरसनचा. हरलेल्या माणसाने पेटी आवरून स्टेशन गाठायचं सोडून पुन्हा पटावर बसावं, हे मला त्या सगळ्या आठवड्यातलं सगळ्यात लोभस दृश्य वाटतं.

निकाल आणि त्यावरचं पत्र

जर्मन मित्र सबबी घेऊन तयारच होते : सराव नव्हता, घाई झाली, परका मुलूख. अँडरसनने त्या घेतल्या नाहीत. ड्युफ्रेनविरुद्ध खेळला होतास तसं इथे का नाही खेळलास, असं कुणी विचारल्यावर ‘मॉर्फी खेळू देत नाही’ अशा अर्थाचं उत्तर त्याने दिल्याचं एजने नोंदवलंय.

३१ डिसेंबरला त्याने फॉन डर लाझाला लिहिलेलं पत्र मात्र जास्त बारकाईने वाचावं लागतं. त्यात तो मॉर्फीचं मोठेपण मान्य करतो. मॉर्फी कलावंताच्या निष्ठेने खेळतो, आपल्यासाठी डाव म्हणजे विरंगुळा आणि त्याच्यासाठी पवित्र कर्तव्य, असा त्याचा सूर आहे. आणि त्याच पत्रात तो हेही सांगतो की आपलं कौशल्य रत्नासारखं काचेच्या कपाटात जपून ठेवता येईल आणि हवं तेव्हा बाहेर काढता येईल, हा भ्रम होता. सततच्या सरावानेच ते टिकतं.

सबब आणि कारण यांतला फरक याहून स्वच्छ मांडलेला मी पाहिलेला नाही. चारचौघांत सबब नाकारली. मित्राजवळ कारण लिहून ठेवलं. प्रकरण अभ्यास करणाऱ्यांची इथेच गल्लत होते. हरलेला माणूस उमदेपणाने ‘तो माझ्यापेक्षा चांगला’ म्हणाला की आपण वही मिटतो. तो चांगला होताच. तरीही गंज चढलेला होता, हेही खरंच.

पुढच्या वर्षांचा हिशोब पाहिला तर हे पत्र नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं असं दिसतं. १८६१ मध्ये लंडनला कोलिशशी सामना. १८६२ मध्ये लंडनच्या मोठ्या स्पर्धेत, या वेळी प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायच्या पद्धतीने, चौदा जणांत पहिला. तेरा डावांत फक्त ओवेनकडून हार. त्याच वर्षी पाउल्झेनशी बरोबरीचा सामना, १८६४ मध्ये सूलशी आणखी एक. १८६६ मध्ये तो स्टाइनिट्झकडून सहा विरुद्ध आठ असा हरला, एकही डाव बरोबरीत न सुटता. आणि १८७० मध्ये बाडेन-बाडेनला, फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध स्पर्धा सुरू असतानाच पेटलेलं, बावन्न वर्षांचा अँडरसन पहिला आला, स्टाइनिट्झ दुसरा. तोवर मॉर्फीने गंभीर बुद्धिबळ केव्हाच सोडलं होतं.

नोकरी त्याने सोडली नाही. बदललं ते एवढंच की सुट्ट्या आता पटासाठी राखून ठेवल्या जाऊ लागल्या.

वेगळं काय करता आलं असतं

जाणं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार पर्यायांत सामना नक्की घडवून आणणारा तो एकच होता, आणि तो घडला नसता तर आज आपण स्टाँटनबद्दल जे कुजबुजतो तेच अँडरसनबद्दल कुजबुजलो असतो.

चूक आधीची. मॉर्फी जूनमध्ये युरोपात उतरला. ऑगस्टपर्यंत लोव्हेन्थाल हरला होता. मॉर्फी आज ना उद्या आपल्यापर्यंत येणार हे बुद्धिबळाच्या मासिकात लक्ष घालणाऱ्या माणसाला दिसत असणारच. ब्रेसलाऊमध्ये तोडीचा खेळाडू मिळणं कठीण होतं हे मान्य. तरी शरद ऋतूत बर्लिनच्या एक-दोन खेपा, तिथल्या माइयेट आणि ड्युफ्रेन या खेळाडूंशी वीस-पंचवीस डाव, एवढं जमण्यासारखं होतं. तालमीची पायरी न चढता थेट आखाड्यात उतरणारा पैलवान पहिल्या कुस्तीत ताकदीवर तरतो. दुसऱ्या-तिसऱ्या कुस्तीत दम दिसतो. पहिला डाव जिंकून पुढचे पाच गमावणं हे त्या दृष्टीने बोलकं आहे. सराव असता तर तो जिंकला असता का? मला वाटत नाही. सात-दोनचं सात-चार झालं असतं, इतकंच.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत स्पर्धा आली म्हणून पोराला नाव नोंदवून थेट पाठवणारे पालक मला हे प्रकरण सांगितलं की विचारतात, मग पाठवू नये का? पाठवा. पण फॉर्म भरला त्या दिवसापासून ते स्पर्धेच्या दिवसापर्यंत वहीत काय लिहिलंय ते आधी बघा.

दुसरी गोष्ट अटींची. रोज फार तर एकच डाव आणि मध्ये विश्रांतीचा दिवस, असं ठरवून घेता आलं असतं तर चाळिशीतल्या माणसाला ते सोयीचं गेलं असतं. पण मग सुट्टी पुरली नसती. शिवाय समोरचा रोगी एकवीस वर्षांचा. विश्रांतीचा फायदा त्यालाच जास्त झाला असता.

तिसरी गोष्ट ए३ ची, आणि इथे माझं मत अजून डळमळतं. त्या चालीच्या तीन डावांत अँडरसनने दीड गुण मिळवला. पांढऱ्याच्या बाकीच्या दोन डावांत, दोन्ही रुई लोपेझ, मिळून अर्धा. दुसऱ्या डावापासूनच ए३ का नाही? असं म्हणणं सोपं आहे. एवढ्या थोड्या डावांवरून काही सिद्ध होत नाही, आणि लवकर खेळला असता तर मॉर्फीला उत्तर शोधायला जास्त डाव मिळाले असते. मला महत्त्वाची वाटते ती सहाव्यानंतरची वेळ. नवी कल्पना पहिल्याच वापरात हरली. बहुतेक जण तिथे ती टाकून देतात. काळ्या मोहऱ्यांच्या बाबतीत अँडरसननेही तसंच काहीसं केलं, एक बचाव सोडून दुसरा धरत गेला. ए३ मात्र त्याने सोडली नाही. डाव हरला तो चालीमुळे नाही, हे त्याने वेगळं करून पाहिलं असणार.

दहाव्या डावाला बसताना गुणफलक सहा विरुद्ध एक होता, दोन बरोबरी. मॉर्फीला एकच डाव हवा होता. समोर पांढरी मोहरी, बाहेर पॅरिसचा डिसेंबर, ब्रेसलाऊची गाडी एक-दोन दिवसांवर. अँडरसनने हात उचलला आणि हत्तीपुढचं प्यादं पुन्हा एक घर पुढे सरकवलं.